सार्वमत : केव्हा आणि कोणाचे?

घोलवड हे पश्चिम रेल्वेवरील महाराष्ट्राच्या उत्तर टोकाजवळचे स्थानक. पुढे उंबरगाव रोड लागते, ते गुजरातेत. या दोन स्थानकांमधल्या काही मिनिटांच्या प्रवासात खिडकीबाहेर पाहणाऱ्यास राज्य बदलल्याची कोणतीही खूण दिसत नाही. चिकूच्या वाड्या त्याच, ताडाची झाडे तीच, डब्यातील अर्धी मराठी अर्धी गुजराती बोलीही तीच. बदलते ती फलाटावरील पाटीची एक ओळ. १९६० पूर्वी उंबरगाव हा ठाणे जिल्ह्यातील तालुका होता आणि आजचे तलासरी त्यातच मोडत असे. मुंबई पुनर्रचना अधिनियमाच्या एका परिशिष्टात काही गावांची नावे छापली गेली आणि १ मे १९६० रोजी त्या गावांतील माणसे गुजरातची रहिवासी झाली. शेजारची गावे महाराष्ट्रात राहिली. ‘तुम्हांस कोठे जावयाचे आहे?’ असे मतपत्रिका हाती देऊन त्यांपैकी कोणालाही विचारण्यात आले नव्हते. विचारावयास हवे होते काय?

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या कुतूहलाचा असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु याच तालुक्यात वाढवणच्या बंदरावरून जो वाद गेली काही वर्षे चालला आहे, त्यात ‘एकदा लोकांचे मतच घ्या’ ही मागणी वारंवार ऐकू येते. तिला उत्तरही ठरलेले असते : लोकांनी प्रतिनिधी निवडून दिलेले आहेत, मग प्रत्येक गोष्ट पुन्हा लोकांना विचारावयाची तर विधिमंडळे हवीत कशाला? मागणी आणि उत्तर ही दोन्ही मला घाईची वाटतात. सार्वमत चांगले की वाईट, असा प्रश्न सरसकट विचारण्यात फारसा अर्थ नाही. कोणता प्रश्न, कोणापुढे, कोणत्या अटींवर ठेवला यावर त्याची योग्यता ठरते. आणि या बाबतीत आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही; स्वतंत्र भारतातील सर्वांत बोलके उदाहरण मराठी माणसाच्या अगदी जिव्हारीचे आहे.

ते उदाहरण गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि महाराष्ट्रात विलीनीकरण हेच ज्याचे मुख्य उद्दिष्ट होते तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला. प्रातिनिधिक लोकशाहीचा नेहमीचा हिशेब लावला तर प्रश्न तेथेच संपावयास हवा होता. लोकांनी पक्ष निवडला, पक्षाचे उद्दिष्ट जाहीर होते, विधानसभेने ठराव केला. आणखी काय हवे?

डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचे म्हणणे असे की, निवडणुकीत माणूस पक्षाला मत देतो तेव्हा एकाच वेळी दहा गोष्टींना मत देतो. कुळाला जमीन हवी असते, बहुजन समाजाला मान हवा असतो, मुलांना मराठी शाळा हवी असते. त्यांतून ‘गोवा हा वेगळा प्रदेश म्हणून नाहीसा व्हावा’ एवढेच मत वेगळे काढून मोजता येत नाही. संसदेने हा युक्तिवाद मान्य केला. डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा झाला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या अस्तित्वासाठी दोन पाने अशी दोन चिन्हे होती. ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

महाराष्ट्रात त्या दिवसांत जी निराशा पसरली तिच्या आठवणी आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडून मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पण त्या निराशेत एक गोष्ट नजरेआड झाली, आणि राज्यशास्त्राच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दोन-अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात पुन्हा विधानसभेची निवडणूक झाली. आणि त्याच मतदारांनी त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोकांना भाऊसाहेब हवे होते, विलीनीकरण नको होते. ही दोन मते एकाच मतपत्रिकेवर देण्याची सोय कोणत्याही सार्वत्रिक निवडणुकीत नसते. कौल घेतला नसता तर १९६३चा निकाल हाच विलीनीकरणाचा कौल मानला गेला असता, आणि एका समाजाचा कायमचा निर्णय त्याने प्रत्यक्षात न दिलेल्या मताच्या आधारे झाला असता.

येथे ‘कायमचा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आमदार किंवा खासदार पाच वर्षांसाठी निवडलेला असतो. त्याने केलेला कर पुढच्याला रद्द करता येतो, त्याने दिलेले अनुदान पुढच्याला काढून घेता येते. चुकीची दुरुस्ती करण्याची ही सोय हाच प्रतिनिधींच्या हाती एवढी सत्ता सोपविण्याचा आधार होय. परंतु राज्य विलीन झाले, गाव दुसऱ्या राज्यात गेले, डोंगर खणला गेला किंवा समुद्र बुजविला गेला, तर पुढच्या निवडणुकीत नवा प्रतिनिधी निवडून ते परत आणता येत नाही. पाच वर्षांच्या मुखत्यारपत्रावर वडिलोपार्जित घर विकता येत नाही, इतकी साधी गोष्ट प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. निर्णय मागे घेता येतो की नाही, ही सार्वमताची पहिली कसोटी आहे.

याउलट जे निर्णय दरवर्षी करावयाचे आणि दरवर्षी बदलावयाचे, ते मतपेटीत घालण्याच्या मी विरुद्ध आहे. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून माझी हरकत अशी की, अशा प्रश्नात लाभ एका मतपत्रिकेवर येतो आणि खर्च दुसऱ्या, बहुधा कधीच न छापल्या जाणाऱ्या मतपत्रिकेवर राहतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ मध्ये मालमत्ता कराला मर्यादा घालण्याचा प्रस्ताव लोकांच्या मताने मोठ्या बहुमताने संमत केला. कोणती शाळा आणि कोणते ग्रंथालय त्या कपातीत आखडावयाचे हे कोणी विचारले नव्हते. सार्वमताचे माहेरघर जे स्वित्झर्लंड, तेथील मतदार मोठे हिशेबी समजले जातात, आणि ते आहेतही. २०१२च्या मार्चमध्ये ‘सर्वांना सहा आठवड्यांची भरपगारी रजा’ हा प्रस्ताव त्यांनी दोन तृतीयांश मतांनी फेटाळला. आपल्याकडील एखाद्या कर्मचारी संघटनेला हे ऐकून घेरी येईल! पण त्याच मतदारांनी २०२४च्या मार्चमध्ये निवृत्तांना वर्षाकाठी तेरावे वेतन देण्याचा प्रस्ताव ५८ टक्के मतांनी स्वीकारला, आणि त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा ही डोकेदुखी संसदेकडे राहिली. दोष स्विस मतदाराचा नाही. ज्या प्रश्नाला ‘किती’ आणि ‘कशाच्या बदल्यात’ अशी शेपटे असतात तो ‘होय-नाही’च्या चौकटीत मावत नाही. अर्थसंकल्पावर सार्वमत नको ते यामुळे.

प्रश्न होय-नाहीचा असला तरी त्याची दोन्ही उत्तरे स्पष्ट असली पाहिजेत. ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघ सोडण्याविषयी मत घेतले, ५१.९ टक्के लोक ‘सोडावा’ म्हणाले. पण सोडावयाचा म्हणजे काय? व्यापाराचे काय, आयर्लंडच्या सीमेचे काय? याचे उत्तर मतपत्रिकेवर नव्हते, आणि मत मागणाऱ्यांपाशीही नव्हते. म्हणून कौल मिळाल्यावर तीन वर्षे तेथील संसद त्याचा अर्थ लावीत बसली. सरकारने आणलेला करार २०१९ मध्ये सभागृहाने तीनदा फेटाळला. गोव्याच्या मतपत्रिकेतही एक उणीव होतीच. फूल म्हणजे महाराष्ट्र, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. ज्यांना गोव्याचे स्वतंत्र राज्य हवे होते त्यांच्यासाठी तिसरे चिन्ह नव्हते. त्यांनी दोन पानांवर शिक्का मारला आणि घटक राज्यासाठी ३० मे १९८७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, वाट पाहिली. प्रश्न तयार करणाऱ्याच्या हाती मत देणाऱ्याइतकीच सत्ता असते.

कधी कधी तर विचारलेला प्रश्न एक आणि लोकांनी दिलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असे होते. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातील काही दुष्काळी गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. २०२२च्या अखेरीस सीमावाद पुन्हा पेटला तेव्हा ती बाहेर काढण्यात आली. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यातूनही आम्हांला गुजरातेत घाला अशी मागणी झाली. या गावांत त्या आठवड्यात मतदान घेतले असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. परंतु त्या मतपेटीतून बाहेर पडली असती ती रस्त्याची, दवाखान्याची आणि पाण्याची मागणी. तिला सीमेच्या प्रश्नाचे उत्तर समजणे ही त्या लोकांचीच फसवणूक झाली असती. आधी रस्ता आणि पाणी द्यावे, मग सीमेचे विचारावे.

आणखी एक प्रकार आहे, त्याला सार्वमत म्हणावे की पोचपावती, असा प्रश्न पडतो. जुनागढचा कारभार भारत सरकारने नोव्हेंबर १९४७ मध्ये हाती घेतला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये तेथे मत घेतले. सुमारे एक लाख नव्वद हजार मतांपैकी पाकिस्तानला ९१ पडली. सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ मध्ये असाच एकतर्फी निकाल लागला. या दोन्ही ठिकाणी लोकांचा कल भारताकडे होता याविषयी मला शंका नाही. तथापि निर्णय झाल्यावर घेतलेल्या मताला निर्णयाचे श्रेय देता येत नाही. गोव्यात मात्र निकाल लागेपर्यंत तो कोणालाच ठाऊक नव्हता, आणि विलीनीकरणवादी मुख्यमंत्री पद सोडून बाहेर उभे होते. मत घेणाऱ्याला हरण्याची भीती नसेल तर त्या मताची किंमत फारशी नसते.

आता कौलाच्या मोजणीविषयी. येथे महाराष्ट्राने एक स्वतःची पद्धत निर्माण केली आहे आणि तिची दखल आमचे राजकीय पंडित क्वचितच घेतात. गावातील दारूचे दुकान बंद करावे अशी मागणी ठरावीक प्रमाणात मतदारांनी सह्यांनिशी केली की गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असे हे चिन्ह ज्याला सुचले त्याला माझा नमस्कार. पण आडवी बाटली जिंकावयाची तर झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे जो आला नाही, तो आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजला जातो. १९७९ साली स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी मत घेतले गेले तेव्हा अशीच ४० टक्क्यांची अट होती. मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक अनुकूल असूनही ते प्रमाण ३३ टक्क्यांच्या आतच राहिले आणि विधिमंडळ वीस वर्षे लांबणीवर पडले.

ही अट योग्य की अयोग्य? माझे मत असे की, जो निर्णय मागे घेता येत नाही त्याला अशी अट हवी, आणि जो घेता येतो त्याला ती नको. दारूचे दुकान बंद झाले तर ते पुन्हा उघडता येते. तेथे गावच्या स्त्रियांवर एवढा भार टाकण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या निर्णयाला मात्र कोणतीच अट नव्हती, तेथे ती असावयास हवी होती. आपण नेमके उलट करीत आलो आहोत. शिवाय यादीतील माणूस त्या दिवशी गावात असतो काय, हेही पाहावे लागते. आमच्या डहाणू-तलासरीचे शेकडो आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या मच्छीमार बोटींवर जातात आणि पावसाळा तोंडावर आल्यावर परततात. कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर असतात. डिसेंबर-जानेवारीत मतदान ठेवले की या गावांचा निकाल घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी लावावयाचा! मतदानाची तारीख हाही या भागात धोरणाचा भाग आहे.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न यापुढेच आहे. मत कोणाचे घ्यावयाचे? गोव्यात हा प्रश्न मुंबईतील गोमंतकीयांच्या निमित्ताने आला. त्यांनाही मत द्यावे अशी मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. ज्यांना परिणाम भोगावयाचे आहेत त्यांनीच ठरवावे हे तत्त्व तेथे पाळले गेले, आणि ते बरोबर होते. हेच तत्त्व आपण बेळगाव-कारवार-निपाणीसाठी गेली सहा दशके मांडतो आहोत : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये लोकेच्छेला पुरेसे वजन दिले नाही म्हणून आपण त्याचा अहवाल फेटाळला, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लढवीत आहोत. तो लढवावाच. पण मग त्याच वर्षी गोव्याने दिलेला कौल ‘दुर्दैवी’ म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. लोकेच्छा आपल्या बाजूने असेल तेवढीच पवित्र, असे म्हणून चालणार नाही.

घटनेने याबाबत राज्यांना आणि गावांना फारसा हात दिलेला नाही. तिसऱ्या अनुच्छेदाखाली राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावयाचे, एवढेच बंधन. मुंबई राज्याच्याच प्रकरणात, तीन घटकांची योजना बदलून संसदेने द्विभाषिक केले तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. उंबरगावच्या गावकऱ्यांना कोणी विचारले नाही यात बेकायदा काहीच नव्हते. १९४५च्या वारल्यांच्या उठावातून वेठबिगारीच्या जोखडाखालून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या माणसांना राज्य मराठी की गुजराती यापेक्षा जमीन कोणाची हा प्रश्न अधिक निकडीचा होता, हेही खरे. तरीही मला वाटते, सीमेवरील प्रत्येक गावाचे मत स्वतंत्र मोजता आले असते, निर्णय कायमचा होता, उत्तर स्पष्ट होते. सार्वमताला याहून योग्य प्रसंग शोधून सापडणार नाही.

जमिनीच्या आणि प्रकल्पांच्या प्रश्नात मात्र गुंता वाढतो, कारण तेथे लाभ दूरवर पसरतो आणि झळ एका जागी बसते. पूर्ण राज्याचे मत घेतले तर लाभार्थी बहुसंख्य ठरणार, आणि ज्याचे घर जाते त्याचे एक मत, ज्याला दोन मिनिटांनी लवकर पोहोचावयाचे आहे त्याचेही एक मत. मतपेटीला माणसांची संख्या कळते, त्यांच्या वेदनेचे वजन कळत नाही. रायगड जिल्ह्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर सरकारने २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत घेतले. विरोधाचा कौल प्रचंड होता हे सर्वांना माहीत होते, पण त्या मताचे पुढे काय करावयाचे हे आधी ठरविलेलेच नव्हते. शेवटी प्रकल्प बारगळला तो भूसंपादनाची मुदत टळल्यामुळे, कौलामुळे नव्हे. ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांनी निर्णय घ्यावा असे सांगितले, न्यायाधीशाच्या देखरेखीखाली बारा पाड्यांच्या सभा झाल्या, बाराही सभांनी खाणीला नकार दिला, आणि पुढे सरकारनेही परवानगी नाकारली. दोन्हींत फरक एवढाच की, एका ठिकाणी मताला काय परिणाम असेल हे मत देण्यापूर्वी ठरले होते.

या पार्श्वभूमीवर वाढवणकडे पाहावे. १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष आणि सदस्य बदलल्यावर, ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह संमती दिली. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. तेथे म्हणणे नोंदविले जाते, मते मोजली जात नाहीत. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ऑगस्टच्या अखेरीस पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. ते दप्तरात आहेत.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात मी सहज हात वर करावयास सांगितले : बंदर हवे की नको? तलासरीकडच्या मुलांचे हात ‘हवे’साठी वर गेले, किनाऱ्यावरच्या मुलामुलींचे ‘नको’साठी. मोजणी करण्याआधीच एक मच्छीमाराची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, समुद्र आमच्या दारातला बुजणार. यांनी हात का वर करायचा?’ मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, ‘आणि आम्ही वापीच्या कारखान्यात बारा तास उभे राहायचे ते तुमच्या मासळीसाठी?’ मी मोजणी केली नाही. दोघांचेही प्रश्न खरे होते, आणि हात मोजून त्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते.

माझे उत्तर असे आहे. देशाला आणखी एक मोठे बंदर हवे काय, त्यावर किती पैसा घालावा, हा संसदेचा प्रश्न आहे. वाढवणच्या ग्रामसभेला तो ठरविता येणार नाही, आणि सर्व महाराष्ट्राच्या सार्वमतालाही नीट ठरविता येणार नाही. ते बंदर याच खडकाळ किनाऱ्यावर, याच मासेमारीच्या पट्ट्यात व्हावे काय, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तो होय-नाहीचा आहे, न फिरविता येणारा आहे, आणि त्याची झळ मोजक्या गावांना आहे. येथे त्या गावांची संमती, पूर्वी जाहीर केलेल्या अटींवर आणि मंजुरीच्या आधी, आवश्यक मानावयास हवी होती. नकार आला असता तर सरकारला दुसरी जागा शोधावी लागली असती किंवा होकार मिळेल असा मोबदला आणि हमी द्यावी लागली असती. अर्थशास्त्रात यालाच किंमत म्हणतात. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला किंमत मागता येत नाही. त्याला मिळते ती नुकसानभरपाई, आणि तीही देणाऱ्याने ठरविलेली. तलासरीच्या त्या मुलाची नोकरीही अशा सौद्यात बसली असती, कारण त्या वेळी ती भाषणातली राहिली नसती, करारातली झाली असती.

कोणी म्हणेल, अशी संमती कायद्यात आहेच. १९९६च्या पेसा कायद्यात ग्रामसभेशी सल्लामसलत आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेची पूर्वसंमती आहे, आणि डहाणू, तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पण हे कायदे जमिनीसाठी आहेत. बंदर उभे राहावयाचे ते मुख्यतः समुद्रात भराव घालून, सुमारे चौदाशे हेक्टरांवर. समुद्राला सातबारा नाही. ज्याच्या नावावर उतारा नाही त्याचे काही संपादन होत नाही, आणि ज्याचे संपादन होत नाही त्याची संमती लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर मांगेला, माच्छी आणि इतर कोळी समाज जगला, तेथील त्यांचा हक्क कोणत्याही कागदावर चढलेला नाही, एवढ्या एका गोष्टीवर सारा प्रश्न अडला आहे.

तेव्हा सार्वमताची मागणी करणाऱ्यांनी मतपेटीच्या आधी मतदारयादीचा आग्रह धरावा. मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांची यादी आहे, नौकांची नोंदणी आहे. पण नौकेवरच्या खलाशाचे नाव त्यात नसते, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचे बहुधा नसते, आणि ओहोटीला खडकावर कालवे फोडणाऱ्या म्हातारीचे तर नसतेच. वाढवणच्या बंदरापाठोपाठ याच किनाऱ्यालगत विमानतळाचीही चर्चा सुरू झाली आहे. त्याची अधिसूचना निघण्याआधी गावोगावच्या ग्रामसभांनी अशी यादी करून, ठरावासह, जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी दाखल करावी. पावसाळ्यात, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या आणि खलाशी घरी परतलेले असताना, हे काम दोन महिन्यांत होण्यासारखे आहे.